तिसऱ्या नकाराची वाट

२ डिसेंबर, सोमवार

आज आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या कोच पालुंबोबाईंनी मला ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"नेस, मला विंग पाहिजे," बाई म्हणाल्या. "सहा फूट. बूट काढून सहा फूट. शिष्यवृत्तीची एक जागा उरलीय आणि एक मार्चला यादी बंद होते. आणलीस तर पुढच्या वर्षीही नोकरी तुझी. नाही आणलीस तर दुसरी नोकरी शोधायला मी तुला छान शिफारसपत्र लिहून देईन."

बाई न्यू जर्सीच्या. तिकडे असंच बोलतात म्हणे. आमच्या आयोवात एवढं बोलायला तीन आठवडे आणि दोन केक लागले असते.

'बूट काढून' हा टोला मला होता. शाळांतल्या खेळाडू हेरून आणणं हे माझं काम. गेल्या वर्षी मी जी पोर आणली, तिची उंची सामन्याच्या पत्रकात सहा फूट छापली होती. शाळा पत्रकात प्रत्येकीला दोन इंच बक्षीस देतात हे मला ठाऊक आहे, ते मी वजाही केले होते. तरी ती पाच आठ भरली. बाईंनी तिला माझ्याशेजारी उभं केलं, दोघांकडे पाहिलं आणि निघून गेल्या. मी पाच नऊ आहे.

विंग मिळणं हीच मुळी अवघड गोष्ट. चेंडू आपटत मधून पळणाऱ्या बुटक्या पोरी ढिगानं सापडतात. बास्केटखाली भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्याही सापडतात. पण कडेनं खेळणारी, उंच आणि तरी चपळ, दुरून नेम धरणारी आणि समोरचीला अडवणारी पोर सापडली की मोठी कॉलेजं तिला आमच्या हाती लागू देत नाहीत. मेरिडेल कॉलेज लहान आहे. आम्हाला उरलंसुरलं मिळतं.

डॉक्टर म्हणाले, मनातलं कुठेतरी बाहेर काढा, रक्तदाब उतरेल. म्हणून ही वही. सामन्यातली निरीक्षणं दुसऱ्या वहीत, निळ्या.

६ डिसेंबर, शुक्रवार

सापडली.

हॅल्व्हर गाव, इथून नव्वद मैल. मॅरेन त्वाइट, शाळेचं शेवटचं वर्ष, पत्रकात सहा दोन. आमच्या कॉलेजांच्या गटाच्या नियमाप्रमाणे एक फेब्रुवारीपर्यंत कॉलेजच्या माणसानं फक्त बघायचं, पोरीशी किंवा तिच्या आईबापांशी बोलायचं नाही. त्यामुळे मोजपट्टी काढता येत नव्हती. पण सामन्याआधी ती कोल्ड्रिंकच्या यंत्राशी उभी राहिली आणि ते यंत्र बरोबर सहा फुटांचं असतं. तिचा माथा वर दिसत होता, एक इंच तरी. पायात नुसते मोजे! मी तिथेच डोळे मिटून देवाचे आभार मानले. तिला बहुधा मी आजारी वाटलो, कारण तिनं मला बसायला खुर्ची आणून दिली. नियमामुळे 'थँक यू' म्हणता आलं नाही, नुसती मान हलवली.

तिकिटाच्या टेबलावर आर्डिसबाई बसतात. मॅरेनच्या आजीची बहीण. राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचा रोल पण त्याच वाढतात. मी म्हटलं, "बाई, तुम्ही नात्यातल्या. मला तुमच्याशी बोलता यायचं नाही."

"तू कुठे बोलतोयस? मी बोलतेय. तू खा," त्या म्हणाल्या आणि माझ्या आईच्या गुडघ्यांपासून सुरू झाल्या. माझी आई त्यांना माहीत निघाली. इथे सगळ्यांना सगळ्यांची आई माहीत असते.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये गुणफलक बंद पडला. शिपाई शिडी घेऊन आला, पण वर चढली मॅरेन. खेळाच्या कपड्यांतच. वायरी उघडल्या, काहीतरी जोडलं, दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. निळ्या वहीत नोंद: 'शिडीवर तोल उत्तम. हात लांब. उंचीवर घाबरत नाही. पायात ताकद.'

खेळ मात्र हाताला लागला नाही. तीन वेळा टाकलं, गुण चार. पास तेरा. चार नंबरची एक बुटकी आहे, सगळे पास तिच्याकडे. तिनं चोवीस केले, त्यामुळे मॅरेनला टाकायला वावच मिळाला नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा हॅल्व्हर. मॅरेनचे सहा गुण, पास अकरा. समोर कोणी नसताना, बास्केट चार हातांवर असताना, हिनं चेंडू वळवून कोपऱ्यातल्या चार नंबरला दिला. चार नंबरनं तीन गुणांचा टाकला. पुन्हा दिला, पुन्हा टाकला. चार नंबर फारच मधेमधे येते.

आश्चर्य म्हणजे तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी चिलीच्या रांगेत उभा होतो तेव्हा आत मोठा गलका झाला. धावत आलो तर कळलं, मॅरेननं ओळीनं तीन बास्केट केले होते, एक तर जवळजवळ अर्ध्या मैदानावरून. मी बसलो, वही उघडली, आणि पोरीनं पुन्हा पास द्यायला सुरुवात केली. माझं नशीब हे असं.

आर्डिसबाई म्हणाल्या, "ती रोब्लेडोची मुलगी वाईट नाही हं. चार नंबर." आमच्याकडे 'वाईट नाही' याच्यापेक्षा मोठं कौतुक नसतं. पण आर्डिसबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

७ जानेवारी, मंगळवार

पालुंबोबाईंनी विचारलं, "कशी आहे?"

मी म्हटलं, "फार निःस्वार्थी."

"म्हणजे टाकत नाही."

"टाकते. मी नसताना."

बाई म्हणाल्या, "नेस, हे वाक्य परत एकदा स्वतःशी म्हणून बघ." मी जिन्यावर म्हणून पाहिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. काही खेळाडूंना परक्या माणसाचं दडपण येतं. त्यावर उपाय करता येतो.

१० जानेवारी, शुक्रवार

उपाय केला. कॉलेजचं जाकीट गाडीत ठेवलं. भावाची शिकारीची टोपी कानांपर्यंत ओढली, मफलर नाकापर्यंत, आणि शाळेच्या बँडमध्ये ट्युबाचा मोठा भोंगा वाजवणाऱ्याच्या मागे जाऊन बसलो. डावा कान अजून वाजतोय.

दहा मिनिटं मॅरेन वाघिणीसारखी खेळली. बारा गुण! समोरच्या पोरीला तिनं असं जखडलं की ती बिचारी रडवेली झाली. मी लिहीत सुटलो होतो, तेवढ्यात खालून आर्डिसबाईंचा आवाज आला, "कर्टिस! अरे कर्टिस नेस! घसा धरलाय का? आलं घातलेलं गरम पाणी देऊ?"

सगळ्या जिमखान्यानं वळून पाहिलं. मॅरेननं पाहिलं. तिनं चार नंबरकडे बघून भुवई उडवली, आणि उरलेला सगळा सामना एकदाही टाकलं नाही. शेवटी मॅरेन बारा, चार नंबर एकतीस.

चार नंबर मला बघून छान हसते. आज तर सामना संपल्यावर तिनं हात हलवला. नियमामुळे मी छताकडे बघितलं.

२१ जानेवारी, मंगळवार

आज आत गेलोच नाही. शाळेबाहेर गाडीत बसून गावच्या रेडिओवर सामना ऐकला. उणे चौदा तापमान, हीटर चालू, मांडीवर निळी वही. मॅरेन त्वाइट: सत्तावीस. सत्तावीस! रेडिओवाल्याचा आवाज बसला.

म्हणजे पोरीत सगळं आहे. एक फेब्रुवारीला बोलायची मोकळीक मिळाली की तिची भीती घालवू. माझा स्वभाव सौम्य आहे, पोरी मला घाबरत नाहीत, फार तर ऐकत नाहीत.

बर्फ पाहायला बाहेर आलेल्या शिपायानं काच ठोठावली. "आत का नाही आलात? रोब्लेडोची पोर सारखी दाराकडे बघत होती. आज बिचारीचं मन नव्हतं खेळात." मी म्हटलं, "गाडीचा आवाज तपासतोय." कुणाचं मन कशात नव्हतं याच्याशी मला काय करायचंय.

२ फेब्रुवारी, रविवार

त्वाइटांच्या घरी जेवायला. मॅरेनची आई करीन शाळेत ग्रंथपाल आहे, वडील गेलेले. हॅम, बटाट्याचा खीस घातलेली भाजलेली डिश, वाटाणे, आणि चेरीचा केक. केक मला तीनदा विचारला. दोनदा मी रीतसर 'नको, फार झालं' म्हटलं आणि तिसऱ्यांदा घेतला. करीनबाईंना माझं वळण आवडलेलं दिसलं.

केकनंतर मी मुद्द्यावर आलो. मेरिडेल कॉलेज, चार वर्षं, फी माफ, राहणं-खाणं माफ. करीनबाईंनी हातातला रुमाल डोळ्यांशी नेला. "चार वर्षं! मॅरेन, ऐकलंस?"

मॅरेननं ताटातला वाटाणा काट्यानं इकडून तिकडे केला. "फार मोठा मान आहे, मिस्टर नेस. पण नको. दुसऱ्या कुणाला तरी द्या, जिला जास्त गरज आहे."

मी मनात म्हटलं, शाब्बास! काय संस्कार आहेत! न्यू जर्सीची असती तर आधी सही करून मग केकला हात घातला असता. पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणणारी माणसं मला कशीतरीच वाटतात. माझ्या आईनं माझ्या वडिलांनाही दोनदा नको म्हटलं होतं, आणि ती आतून राजीच होती, असं ती अजून सांगते.

"विचार कर," मी म्हटलं. "घाई नाही." आणि निघालो. दारात पाऊण तास गेला, बर्फाबद्दल, आर्डिसबाईंच्या मोतीबिंदूबद्दल, मग गाडीपाशी आणखी वीस मिनिटं. फार छान भेट झाली.

निघताना पाहिलं, मॅरेनच्या खोलीच्या भिंतीवर खेळाडूचं एकही चित्र नाही. विजेच्या खांबावर पट्ट्यानं लटकलेल्या एका लाइनमनचं मोठं चित्र आहे. पोरींचं कुणावर मन बसेल सांगता येत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

मॅरेनचं कार्ड आलं, पाठीवर स्वतः काढलेला पक्षी. 'आदरणीय मिस्टर नेस, तुम्ही केलेल्या विचाराबद्दल मनापासून आभार. पण माझं उत्तर तेच आहे, नको. आईला केक आवडला का विचारायचं होतं.' म्हणजे मला केक आवडला का, हे आईला विचारायचं होतं, असा अर्थ लावला.

दुसरा नकार! मी कार्ड घेऊन शीळ घालत बाईंच्या ऑफिसात गेलो.

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाली. दुसऱ्यांदा."

"मग शीळ कसली घालतोयस?"

"अहो, एकच राहिला. तिसऱ्यांदा विचारलं की हो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नेस, ती मुलगी नको म्हणतेय."

"ती पद्धत आहे."

"कसली पद्धत?"

मी समजावलं. केकचं उदाहरण दिलं, आईवडिलांचं दिलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि इथे एखाद्याला खरंच नको असेल, तर तो काय करतो?"

मला सेहेचाळीस वर्षांत हा प्रश्न पडला नव्हता. मी म्हटलं, "बहुतेक, घेतो."

बाईंनी डोकं दोन्ही हातांत धरलं. एकोणीस दिवस उरलेत, नेस, म्हणाल्या. बाईंना इथे येऊन सहा वर्षं झाली, पण त्यांना आमची माणसं कळली नाहीत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जेवण गेलं नाही. झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सामना हॅल्व्हरनं जिंकला. मॅरेन चार, पास सोळा. सामन्यानंतर मी मॅरेनला गाठलं. ती कॉरिडॉरमध्ये स्टुलावर चढून छतातला दिवा घट्ट करत होती.

"मॅरेन," मी म्हटलं, "मेरिडेलची जागा अजून तुझ्यासाठी ठेवलीय."

ती वरूनच म्हणाली, "हे तिसऱ्यांदा विचारणं आहे ना?"

"हो."

"बरं झालं बाई!" ती खाली उतरली, हात पुसले आणि माझ्यासमोर उभी राहिली. मान वर करून बघावं लागलं. "मी दोन आठवडे वाट बघतेय. दोनदा सांगितलं, पण त्याला काय अर्थ. आता ऐका. नको. मला कॉलेजात खेळायचं नाही. मला लाइनमन व्हायचंय. वादळात तारा तुटतात ना, त्या जोडायच्या. लाइनमनच्या शाळेचं पत्र आलंय, ऑगस्टमध्ये सुरू. आईला अजून नीट सांगितलं नाहीये, ते मी सांगेन."

"मग पहिल्याच दिवशी सरळ का नाही सांगितलंस, बाळा?"

"तुम्ही आमच्या घरी जेवत होतात!"

बरोबरच होतं तिचं.

"आणि मी डिसेंबरपासून सांगतेच आहे की," ती म्हणाली. "दर सामन्यात. तुम्ही आलात की मी चेंडू कुणाला देते? इत्झेलला. तिला बघायला कुणी येत नाही, पाच फूट पाच आहे म्हणून. मी म्हटलं, हे गृहस्थ माझ्यासाठी नव्वद मैल येतातच आहेत, तर तिला बघून जातील. तुम्ही वहीत एवढं लिहायचात! मी इत्झेलला म्हटलं, बघ, तुझ्याबद्दल लिहितायत. ते तुझ्यासाठीच येतात. ती घरी जाऊन आईला सांगायची, आज त्यांनी दोन पानं लिहिली." मग तिनं आवाज खाली आणला. "तुम्ही लिहीत होतात ना तिच्याबद्दल?"

मी म्हटलं, "रस्त्यात बर्फ आहे, निघायला हवं." आणि निघालो. गाडीपाशी कुणाशी वीस मिनिटं बोललो नाही.

घरी येऊन निळी वही उघडली. इत्झेल हे नाव एकदाही नाही. 'चार नंबर मधे आली.' 'चार नंबरमुळे वाव नाही.' 'चार नंबर पुन्हा.' नऊ सामने. तिच्या गुणांची बेरीज मी कधी केली नव्हती, आज केली. सरासरी पंचवीस. मी हे सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं, माझ्या हातानं लिहिलं. मला स्वतःची इतकी लाज या धंद्यात कधी वाटली नव्हती, पाच आठवाल्या पोरीच्या वेळीही नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस शाळेच्या चित्रफिती बघतोय, यावेळी चार नंबरवर नजर ठेवून. चेंडू हातात यायच्या आधी तिला माहीत असतं कोण कुठे आहे. तिच्यापेक्षा फूटभर उंच पोरींच्या हातांवरून ती टाकते, कारण अर्धा क्षण आधी टाकते. हरलेल्या एकाच सामन्यात तिचं लक्ष नव्हतं. २१ जानेवारी, मी गाडीत बसलो होतो तो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पालुंबोबाईंसमोर चित्रफीत लावली. दहा मिनिटं त्यांनी ती पाहिली.

"ही कोण?"

"इत्झेल रोब्लेडो."

"मी काय सांगितलं होतं तुला?"

"सहा फूट."

"ही किती?"

"पत्रकात पाच सात. मैत्रीण म्हणते पाच पाच. बूट काढून पाच चार असेल."

"विंग?"

"नाही."

"म्हणजे मी जे मागितलं त्यातलं हिच्यात काहीच नाही."

एरवी मी म्हणालो असतो, तसंही आहे म्हणा, तुम्ही म्हणाल तसं. मला आठवतं तेव्हापासून मी असंच म्हणत आलोय. आज तोंडातून निघालं, "नाही. पण मला हीच पाहिजे. तुम्हाला नको असेल तर शिफारसपत्र आजच लिहा."

मी खुर्चीत बसलो. बाईंनी चित्रफीत मागे नेली, पुन्हा लावली.

"ही उंच मुलगी सोळा वेळा एकाच दिशेला चेंडू देतेय. तू नऊ वेळा जाऊन आलास आणि तुला दिसलं नाही?"

"नाही."

"हे शिफारसपत्रात घालू?"

"घाला."

बाई हसल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचे दात पाहिले. "तुझ्या नोकरीचं एप्रिलमध्ये बघू. आधी हिची सही आण. आणि नेस, सरळ विचार. एकदाच."

२३ फेब्रुवारी, रविवार

रोब्लेडोंचं घर रेल्वे रुळांच्या पलीकडे, टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्याजवळ. आई तिथेच पहिल्या पाळीला असते. तिनं दार उघडलं, मला पाहिलं आणि आत वळून स्पॅनिशमध्ये काहीतरी ओरडली. त्यात माझं नाव होतं. मी या घरात कधी आलो नव्हतो, आणि माझं नाव सगळ्यांना पाठ होतं. टेबलावर मक्याच्या पानांत उकडलेले तामाले वाफाळत होते, पाच ताटं मांडलेली. माणसं चार.

"बसा ना," आई म्हणाली. "मला वाटलंच होतं, आज रविवार आहे, येतील." नंतर कळलं, दोन फेब्रुवारीपासून दर रविवारी त्या पाचवं ताट मांडत होत्या. मी त्या रविवारी त्वाइटांकडे हॅम खात होतो.

इत्झेल आली. केस ओले, अंगात शाळेचा शर्ट. माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसली. मी गाडीत भाषण तयार केलं होतं. ती दोनदा नको म्हणेल हे धरून तिन्ही वेळचं वेगळं, आणि तिसऱ्यात आईच्या कष्टांचा उल्लेख.

"मेरिडेल कॉलेजात," मी सुरुवात केली, "आमच्याकडे एक जागा—"

"हो," इत्झेल म्हणाली.

"मी अजून सांगितलं नाही की—"

"हो. सांगा तुम्ही. पण हो."

तिच्या आईनं तोंडावर हात घेतला आणि खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. धाकटा भाऊ विचारू लागला काय झालं, कुणी त्याला सांगेना. माझ्या हातात कागद होता, त्यावर अडीच पानं भाषण शिल्लक. मी तो घडी करून खिशात ठेवला. मला हुंदका आला, तो मी तामाले गरम आहेत असं दाखवून लपवला. ते मी पहिल्याच विचारण्याला घेतले होते.

सही झाली. पेन माझंच. मग इत्झेल म्हणाली, "मॅरेन पहिल्या दिवसापासून सांगत होती की तुम्ही माझ्यासाठी येता. मला खरं वाटत नव्हतं. म्हटलं, हे तिच्यासाठी येत असतील, ती सहा फूट आहे. पण ती म्हणायची, नाही, बघ ते कसे लिहितायत." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "माझ्यासाठीच येत होतात ना?"

तिची आईही बघत होती. हातात वाढायचा चमचा तसाच.

आयुष्यभर मी लोकांना बरं वाटावं म्हणून खोटं बोलत आलो, आणि या आठवड्यात दोनदा खरं बोलून पाहिलं, तेही जमलं. त्यामुळे आता काय करावं ते मला खरंच कळेना. दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही म्हणून इथे लिहितो.

मी म्हणालो, "हो. पहिल्या सामन्यापासून."

इत्झेलनं मान खाली घातली आणि तिचे खांदे हलू लागले. आईनं माझ्या ताटात आणखी दोन तामाले वाढले, मला न विचारता.